वळणावरचा पाय

जानेवारीत भुवनेश्वरला निता आडेला अकराव्या फेरीत बाहेर काढलं. मुख्य पंच बाई लाल फळी घेऊन समोर आल्या, ती तिच्या तोंडापुढे धरली आणि बाजूला व्हायची खूण केली. निता तरी वीस-पंचवीस पावलं चालतच राहिली. फळी मागच्या मुलीला दाखवली असेल, असं तिला खरंच वाटलं होतं. मग कुणीतरी दंडाला धरून तिला आत घेतलं आणि छातीवरचा नंबर मागितला.

चालण्याची शर्यत बघणाऱ्याला सोपी वाटते. नियम दोनच आहेत. दोन्ही पाय एकदम जमीन सोडता कामा नयेत, आणि पुढे टाकलेला पाय टेकल्यापासून अंगाखाली येईपर्यंत गुडघ्यात ताठ हवा. कडेला पाच-सहा पंच उभे असतात. ज्याला चूक दिसेल तो लाल कार्ड लिहून देतो. तीन पंचांची तीन कार्डं झाली की खेळ खलास. निताची तिन्ही कार्डं गुडघ्याची होती.

परतीच्या गाडीत ती एका जागी बसली नाही. डब्याच्या या दारापासून त्या दारापर्यंत तिच्या येरझारा चालल्या होत्या. शेवटी वरच्या बर्थवरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, बेटी, कोणी हरवलंय का? तिला चालणं शिकवणाऱ्या वैजयंतीनं हात धरून तिला खाली बसवलं.

"ताई, माहा गुडघा वाकतच नाई," निता म्हणाली. "ते चष्मेवाली पंच पहिल्या फेरीपासूनच माह्याकडं पाहून राह्यली होती. तिले म्याच दिसली."

"तीन जनीनं लिहिलं ना पन? तिघीले तूच दिसली का?"

"एकीनं लिहिलं का दुसरीबी लिहिते."

चूक पंचांची की पोरीची, हे वैजयंतीला कळेना.

वैजयंती अवचार मूळची रिठदची, एसटीत कंडक्टर. वय अडतीस. लग्नाआधी ती स्वतः चालायची, राज्य स्पर्धेपर्यंत गेली होती. सहा वर्षांपूर्वी रिसोडच्या रस्त्यावर तिची बस पंक्चर झाली. सगळे प्रवासी बाभळीच्या सावलीत बसले, पण एक शाळकरी पोरगी दप्तर पाठीला मारून सरळ चालायला लागली. चाक बदलून बस निघाली तेव्हा ती पोरगी चार किलोमीटर पुढे सापडली, आणि बसमध्ये चढायला तयार नव्हती. "आता थोडंसंच राह्यलं," म्हणाली. ती निता. केनवडजवळच्या तांड्यावरची. आई-बाप, रुपाबाई आणि उदयसिंग, दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे ते गुढीपाडव्याच्या आसपास परतायचे. दहावीनंतर वैजयंतीनं तिला वाशीमला आपल्या घरी ठेवून घेतलं. सकाळी पाचला दोघी रस्त्यावर, मग ताई ड्युटीवर आणि निता कॉलेजात, असं चाललं होतं.

मार्चमध्ये भुवनेश्वरच्या त्याच बंदिस्त स्टेडियममध्ये राष्ट्रीय इनडोअर स्पर्धा होती. हाताशी सात आठवडे होते.

पहिले दहा दिवस त्यांनी मोबाइलवर चित्रण केलं. पहाटेच्या रस्त्यावर वैजयंती स्कूटी हळू हळू चालवायची आणि मागे बसलेली तिची मुलगी वैष्णवी मोबाइल धरायची. घरी येऊन चहा पिता पिता तिघी ते चित्रण संथ करून बघायच्या. डावा गुडघा ताठ, उजवाही ताठ. कुठंच काही चुकलेलं दिसत नव्हतं.

"पाह्यलं?" निता म्हणायची. आणि यातून तिला समाधान मिळायला हवं होतं, पण उलटंच झालं. चूक दिसली असती तर ती धरून तिच्याशी भांडता आलं असतं. आता भांडायला कुणी नव्हतंच. ती जेवता जेवता उठायची, कॉलेजात तास अर्धा सोडून बाहेर पडायची, दुपारी ताईच्या बसमध्ये बसून रिसोडला जायची आणि त्याच बसनं परत यायची. एकदा ड्रायव्हर किसनसिंग म्हणाला, "हे पोरगी बसमंधीबी चालूनच राह्यली. पाय पाहा तिचे." सीटखाली तिचे पाय खरंच चालत होते.

एके दिवशी तिकिटं फाडता फाडता वैजयंतीच्या डोक्यात आलं. रस्ता सरळ असतो. मैदानावरची फेरी चारशे मीटरची, तिचं वळण लांबलचक, वळतोय हे पायाला कळतसुद्धा नाही. भुवनेश्वरच्या बंदिस्त स्टेडियममधली फेरी दोनशेची. तीन हजार मीटरच्या शर्यतीत पंधरा फेऱ्या, म्हणजे तीस वळणं, सगळी डावीकडे.

"आपुन वळण पाह्यलंच नाई," घरी आल्या आल्या चपला काढायच्या आधी ती म्हणाली.

पण तसं वळण वाशीममध्ये कुठं मिळणार? ते मिळालं धान्य बाजारात. लिलावाचा मोठा पत्र्याचा शेड, खाली फरशी. तो शेड सांभाळणारे रामराव वैजयंतीच्या रोजच्या बसचे प्रवासी होते. तुरीचा हंगाम जोरात होता, पण माल आठनंतर यायचा. "साडेसातले बाहेर व्हा म्हंजे झालं," रामराव म्हणाले. खांबांच्या बाहेरून खडूनं रेघ मारली तर एकशे चाळीस मीटरची फेरी झाली. दोन्ही टोकांना वळण स्टेडियमपेक्षाही आवळ.

पहिल्या दिवशी हमाल बघायला जमले. एक जण कमरेवर हात ठेवून निताच्या मागे मागे डुलत निघाला आणि बाकीचे पोट धरून हसले. निताला याची सवय होती. तिला सवय नव्हती ती शेडमधल्या धुळीची. सहाव्या फेरीला घसा कोरडा पडायचा, विसाव्याला खोकला यायचा.

त्या शेडमध्ये झाडलोट करायला रंगूबाई होती. साठीच्या पुढची, कमरेत वाकलेली. आदल्या दिवशीचं सांडलेलं धान्य आणि धूळ एका टोकाकडून लोटत ती दुसऱ्या टोकाला न्यायची. या दोघींमुळे तिच्या कामाचा खोळंबा व्हायचा, म्हणून आठवडाभर ती तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती. आठव्या दिवशी निता पाणी प्यायला थांबली तेव्हा रंगूबाई झाडू टेकवून उभी राहिली.

"पोरी, तुह्या डाव्या पायाले काई लागलं का?"

"नाई. काहून?"

"मंग तो असा काहून पडून राह्यला?"

तिनं झाडूच्या दांड्यानं जमिनीवर दाखवलं. वळणावर अजून झाडलेलं नव्हतं, तुरीच्या भुशाची पातळ धूळ पसरलेली होती आणि तिच्यात निताच्या बुटांचे ठसे उमटले होते. उजव्या बुटाचा ठसा टाचेकडे खोल, मग चवड्याकडे उतरत गेलेला. डाव्याचा अख्खा एकदम, थाप मारल्यासारखा. टाचेची खूण नव्हतीच.

"तिकडं सरळ जागी दोनी पाय बराबर हायेत," रंगूबाई म्हणाली. "इथं वळली का डावा बिघडते. म्या रोज पाह्यते. मले वाटलं, पोरगी लंगडते बिचारी."

वैजयंती तिथेच उकिडवी बसली. एकेक ठसा बोटानं चाचपत ती वळणाच्या टोकापर्यंत गेली. टाच आधी टेकली नाही म्हणजे पाय पोचताना गुडघा वाकलेला असणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं. मोबाइल तिनं वळणाच्या आतल्या बाजूला, अगदी जमिनीलगत धरला आणि निताला पुन्हा चालायला लावलं. आता दिसलं. आतला पाय वळणावर आखूड पडत होता. तोल सांभाळायला गुडघा किंचित वाकत होता, पाय टेकतानाच.

"सहा वर्स," वैजयंती म्हणाली. "सहा वर्स म्या तुले पाहून राह्यली."

निताला वाटलं होतं चूक सापडली की जिवाला बरं वाटेल. पण शेडच्या मध्यभागी उभी राहून तिला रडूच यायला लागलं. चष्मेवाली पंच बरोबर होती. त्या तिघी बरोबर होत्या. आता राग कुणावर काढायचा?

दुसऱ्या दिवसापासून डाव्या गुडघ्यावर काम सुरू झालं. वळणावर पाऊल लहान, टाच आधी, कंबर वळायच्या आधी खांदा वळवायचा. एकच वळण वीस वेळा, मग चाळीस वेळा. रंगूबाई आता वळणाची जागा मुद्दाम शेवटी झाडायची. धुळीकडे बघून एवढंच म्हणायची, "आठ चांगले, तीन वाईट." तिच्या हिशेबात कधी चूक निघाली नाही.

ठसे सुधारले, पण वेळ बिघडली. आधी ती तीन हजार मीटर चौदा मिनिटं दहा सेकंदांत चालायची. आता घड्याळ चौदा पंचेचाळीस दाखवायला लागलं. फेब्रुवारी संपत आला तरी ते तिथेच अडकलं होतं.

"अशी चालली त मी शेवटची येईन," एका सकाळी बाटली फरशीवर आपटत निता म्हणाली.

"ये शेवटची. पन येऊन त दाखव. जानेवारीत तू शेवटचीबी आली नाई."

हे वाक्य लागलं. निता तडक शेडबाहेर पडली, घरी जाऊन पिशवी भरली आणि केनवडची बस पकडून तांड्यावर गेली.

तांड्यावर घरोघर कुलपं होती. हंगामात तिथे म्हातारी माणसं आणि कोंबड्या, एवढंच उरतं. निताच्या घराच्या कडीला आईनं जाताना बांधलेली चिंधी होती. तिनं कुलूप उघडलं, आत झाडून काढलं, चूल सारवली, पाणी भरलं. दुपारचे दोन वाजले. मग अंगण सारवलं. शेजारच्या सेवालाल नायकांकडे जाऊन बसली तर ते झोपले होते. आईला फोन लावला, लागला नाही. उसाच्या फडात असताना ती फोन कोपीतच, पाचटाच्या खोपटात ठेवायची. पाच वाजेपर्यंत निता तांड्याच्या चार चकरा मारून आली होती, आणि चौथ्या चकरेला तिच्या लक्षात आलं की देवळाच्या वळणावर आपण डावी टाच आधी टेकवतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फाट्यावर येऊन उभी राहिली. आली ती वैजयंतीचीच बस. बस गच्च भरलेली. निता मागच्या दारातून चढली. वैजयंती गर्दीतून वाट काढत तिच्यापर्यंत आली.

"कुठं?"

"वाशीम."

वैजयंतीनं तिकीट काढून हातात दिलं आणि पुढच्या माणसाकडे वळली. रिसोड गेलं, रिठद गेलं, तरी तिनं मागे वळून पाहिलं नाही. वाशीमच्या स्टँडवर निता उतरायला लागली तेव्हा दारातूनच म्हणाली, "उद्या सहाले. रंगूबाईनं इचारलं तुले काल."

मार्चमध्ये भुवनेश्वरला निता एकटीच गेली. वैष्णवीची दहावीची परीक्षा सुरू होती, त्यामुळे वैजयंतीला घर सोडता येत नव्हतं. अकोल्याला गाडीत बसवताना तिनं तीन वेळा एकच गोष्ट सांगितली. या वेळी नियम थोडा वेगळा आहे. तिसऱ्या कार्डाला बाहेर काढणार नाहीत, ट्रॅकच्या बाजूच्या चौकटीत अर्धा मिनिट उभं करतील. चौथं झालं तर मात्र घरी. "पन तुले तिथं जायचंच नाई. तू चौदा पंचेचाळीस चाल. बाकीच्या उडतीन, उडू दे."

अकरा जणी होत्या. पहिल्या तीन फेऱ्या निता दहावी होती. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. खांदा, लहान पाऊल, टाच. सरळ रेषेवर वेग, वळणावर सबुरी. पण समोरच्या पाठी एकेक करून लांब जाताना बघणं तिला सोसेना. उत्तराखंडची एक उंच मुलगी जवळजवळ पाऊण वळण पुढे गेली होती. पाचव्या फेरीला तिनं एकीला गाठलं. सहाव्याला आणखी दोघींना. आठव्या फेरीला ती चौथी होती, अंग हलकं झालं होतं आणि ताईचा आकडा ती साफ विसरली होती.

वळणाच्या आत उभ्या असलेल्या पंचानं इशाऱ्याची पिवळी फळी दाखवली. फळीवर वाकलेल्या गुडघ्याची खूण होती. निताला ती दिसली. आता सावकाश, असं तिनं स्वतःला सांगितलंही. पण पाय ऐकेनात. नवव्या फेरीला कार्डांच्या फलकावर तिच्या नंबरापुढे एक लाल ठिपका लागला, त्याच फेरीत दुसरा. दहावी फेरी संपताना तिसरा लागला आणि मुख्य पंच बाईंनी तिला चौकटीकडे बोट दाखवलं.

चौकट खाटेएवढी होती. घड्याळ घेतलेली एक बाई तिथे उभी होती. निता आत गेली आणि उभी राहिली. हलायची मुभा होती, पण हलून जाणार कुठं? समोरून मुली जात होत्या. नुकतीच मागे टाकलेली ती एक, ती दुसरी, मग तिसरी. तिला वाटलं, ही पांढरी पट्टी ओलांडावी, दुसऱ्या बाजूच्या दारातून निघून जावं, स्टेडियमच्या बाहेर, रस्त्यानं, थेट. कुणी अडवणार नव्हतं. आयुष्यात तिला कुणी असं उभं केलं नव्हतं. शाळेत बाई बाकावर उभं करायच्या तेव्हाही ती पळून जायची. तिनं मान खाली घालून डाव्या गुडघ्याकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"बीस," घड्याळवाली म्हणाली. मग हळूच, फक्त तिला ऐकू येईल एवढ्या आवाजात, "पानी पी लो बेटा, टाइम है."

निता पाणी प्यायली. दोन घोट. ती दहा सेकंदं संपायलाच तयार नव्हती.

बाहेर पडली तेव्हा पाच फेऱ्या उरल्या होत्या आणि तिच्या नावावर तीन कार्डं होती. दहा वळणं. प्रत्येक वळणाच्या आत कुणी ना कुणी उभं, आणि एका टोकाला तीच चष्मेवाली, गुडघ्यावर हात ठेवून वाकलेली. निता तिच्यासमोरून गेली. टाच. पुन्हा गेली. टाच. पुढची मुलगी गाठता येईल इतकी जवळ होती, आणि निताच्या अंगातला कण न् कण तिच्यामागे धावत होता, पण पाय मात्र तिनं वळणावर आखूडच टाकला. शेवटच्या वळणावर तिला दात करकरा वाजल्याचा आवाज आला. दात तिचेच होते.

सातवी. चौदा मिनिटं अठ्ठावन्न सेकंद.

फलकासमोर उभी राहून तिनं मनात आकडे मांडले. तीस सेकंद उभी राहिली नसती तर चौथी आली असती. आणि ताईनं सांगितल्यासारखी चौदा पंचेचाळीसनं चालली असती, तर सहावी. यातलं नेमकं काय चुकलं आणि काय बरोबर, हे तिला ठरवता येईना. तिनं फोन लावला.

"लाल किती?" वैजयंतीनं सगळ्यात आधी हेच विचारलं.

"तीन."

"चवथं?"

"नाई."

"म्हंजे उभं केल्यानंतर?"

"एकबी नाई."

मग वैजयंती म्हणाली, "कितवी आली ते नंतर सांगजो. आधी जेव."

अकोल्याला उतरून निता वाशीमच्या गाडीत बसली. वाशीम स्टेशन आलं, गाडी थांबली, लोक उतरले. ती खिडकीशी बसूनच राहिली. तिकीट तिनं अकोल्यालाच परभणीपर्यंतचं काढलं होतं. आई-बाप तिकडे एका गावाच्या शिवारात ऊस तोडत होते, आणि त्यांना भेटून तिला पाच महिने झाले होते. वैजयंतीला तिनं तेवढा निरोप पाठवला.

फडावर पोचली तेव्हा दुपार होती. रुपाबाई ट्रॅक्टरच्या फळीवरून डोक्यावर मोळी घेऊन चढत होती. पोरीला बघून ती थांबली नाही. मोळी टाकली, खाली उतरली, मग पदरानं तोंड पुसत जवळ आली.

"बाद केलं का?"

"नाई, याडी. मधात अर्धा मिनिट उभं केलं, पन सातवी आली."

घरात दोघी गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत बोलत, तशाच आताही बोलत होत्या; त्या बोलीत आई म्हणजे याडी. बाकीच्या बायका जमल्या. उदयसिंग कोयता खांद्यावर टाकून बांधावर उभा राहिला. कुणीतरी म्हणालं, चालून तर दाखव, आम्ही कधी पाहिलंच नाही. निता लाजली. पण रुपाबाई गंभीरपणे म्हणाली, "दाखव."

ट्रॅक्टरच्या चाकोरीतून निता शंभर पावलं गेली आणि वळून परत आली. बायका हसल्या, पदर तोंडाला लावून. रुपाबाई हसली नाही. ती पायांकडे बघत होती.

"आन उभं काहून केलं तुले मधातच?"

"पाय वाकला म्हून."

"पाय त वाकतेच!" रुपाबाई म्हणाली. "पाय वाकल्याबिगर ऊस कोन तोडंल?"

सगळा फड हसला. उदयसिंगही हसला. निता इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं, पाचटावर, आणि हसता हसताच तिला रडू आलं. रुपाबाई शेजारी बसली. तिनं निताचा डावा पाय आपल्या मांडीवर घेतला, बूट काढला आणि घोट्यापासून वर दाबत राहिली. तिच्या हातांना उसाच्या पानांनी कापल्याच्या असंख्य रेघा होत्या.

निता चार दिवस राहिली. मोळ्या बांधल्या, भाकरी थापल्या, ट्रॅक्टर भरायला हात लावला. पाचव्या दिवशी सकाळी वैजयंतीचा फोन आला. एप्रिलमध्ये राज्याच्या निवड शिबिराला बोलावणं आलं होतं, दहा किलोमीटरसाठी. रस्त्यावरची शर्यत.

"येतं का?"

नेहमीची निता तिथल्या तिथे हो म्हणाली असती. ती म्हणाली, "थांबा. याडीले इचारते."

रुपाबाईनं फोन तिच्या हातातून घेतला आणि कानाला लावला. आजवर वैजयंतीशी बोलायचा तो उदयसिंगच; ती स्वतः कधी बोलली नव्हती.

"तुमीच का त्या कंडक्टरीनबाई?"

"हो, मीच."

"पोरगी तुमच्याकडं जागेवर बसते का?"

"नाई हो बाई. एक घडीबी नाई."

"आमच्याकडंबी नाई," रुपाबाई म्हणाली आणि क्षणभर थांबली. "पन या चार दिसांत दोनदा बसली. म्या पाह्यलं. घेऊन जा तिले. जेवू घाला म्हंजे झालं."

फोन परत देऊन ती कोयता उचलून फडाकडे निघाली. निता कोपीत गेली आणि पिशवी भरायला लागली.